‘बॅटल रॉयल’ आणि १९४५चा वर्ग

१६ डिसेंबर २००० रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला किंजी फुकासाकू यांचा ‘बॅटल रॉयल’ हा डिस्टोपियन थरारपट, म्हणजे समाजाच्या भयावह अवस्थेचे कल्पित चित्र रंगवणारा थरारपट, म्हणून जगभर ओळखला जातो; परंतु त्याची मुळे कल्पनेतल्या राजवटीपेक्षा युद्धकालीन जपानच्या शाळांमध्ये अधिक खोल गेलेली आहेत. कोशुन ताकामी यांची मूळ कादंबरी १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक काल्पनिक हुकूमशाही राजवट एका वर्गातील ४२ विद्यार्थ्यांना बेटावर नेऊन, एकच जण उरेपर्यंत परस्परांना मारण्यास भाग पाडते. दिग्दर्शकाचे पुत्र केंता फुकासाकू यांनी पटकथा लिहिताना ती राजवट बाजूला सारली आणि बेकारीने खचलेला, स्वतःच्याच मुलांना घाबरू लागलेला जपान तिच्या जागी उभा केला.

या बदलामागचा इतिहास मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी सरकारने ‘गाकुतो किन्रो दोइन’, म्हणजे विद्यार्थ्यांची सक्तीची श्रमभरती, ही व्यवस्था सर्वत्र लागू केली, १९४४ पासून ती वर्षभर चालणारी केली आणि एप्रिल १९४५ पासून प्राथमिक स्तर वगळता शाळांतील अध्यापनच थांबवले. तीस लाखांहून अधिक विद्यार्थी कारखान्यांत आणि शेतांवर राबले, आणि ते सुटे सुटे नव्हे, तर शाळेच्या पथकांतून, शिक्षकांच्या देखरेखीखाली गेले. १९३० साली मितो येथे जन्मलेले फुकासाकू पंधराव्या वर्षी असेच आपल्या वर्गासह शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात होते. जुलै १९४५ मध्ये तो वर्ग तोफांच्या माऱ्यात सापडला. पळायला वाव नसल्याने मुले एकमेकांच्या अंगाखाली लपली, आणि जी वाचली त्यांनाच सोबत्यांचे मृतदेह उचलावे लागले. मोठ्या माणसांवरचा आपला विश्वास तेव्हाच उडाला, असे फुकासाकू पुढे सांगत असत.

हे ध्यानात घेतले की चित्रपटातील तपशील निराळे दिसू लागतात. मुलांना मृत्यूच्या खेळाचे नियम समजावून देते ती चित्रफितीतील एक हसतमुख, उत्साही तरुणी. शस्त्रांच्या वाटपात कुणाच्या हाती बंदूक येते, तर कथानायकाच्या वाट्याला भांड्याचे झाकण. मेलेल्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून वाचली जातात, आणि ती वाचणारा असतो त्यांचा जुना शिक्षक, ज्याची भूमिका ताकेशी कितानो यांनी केली आहे. शाळेची हजेरीच येथे मृतांची यादी झाली आहे, आणि चित्रपटाचे खरे सामर्थ्य रक्तपातात नसून या शिस्तीत आहे.

चित्रपट आला त्या काळात जपानमध्ये मुलांविषयीची भीती वाढलेली होती. १९९७ साली कोबे येथे चौदा वर्षांच्या मुलाने केलेल्या हत्यांनी देश हादरला होता, आणि नोव्हेंबर २००० मध्ये बालगुन्हेगारीविषयक कायदा दुरुस्त करून फौजदारी कारवाईचे किमान वय १६ वरून १४ वर आणण्यात आले. अशा वेळी संसदसदस्य कोकी इशिई यांनी चित्रपटाला जाहीर विरोध केला, तर ‘एइरिन’ या चित्रपटउद्योगाच्या स्वनियंत्रण संस्थेने पंधरा वर्षांखालील प्रेक्षकांना प्रवेश नाकारला. फुकासाकू यांनी हा चित्रपट त्याच वयाच्या मुलांसाठी केला होता आणि युद्धाने त्यांना त्याच वयात कारखान्यात नेले होते, त्यामुळे ही बंदी अन्यायाची होती असेच म्हणावे लागते. उत्तरभागाचे चित्रीकरण सुरू असतानाच जानेवारी २००३ मध्ये फुकासाकू यांचे निधन झाले आणि तो केंता यांनी पूर्ण केला.