ज्येष्ठांनी रस्ता ओलांडताना: चाल, नजर, गोळ्या आणि सिग्नलचे सेकंद

“बाबा अजून एकटे भाजी आणायला जातात,” असे नातेवाईक कौतुकाने सांगतात. वाटेतला मोठा चौक बाबा कसा ओलांडतात, हे मात्र बहुतेकांनी पाहिलेले नसते. चालण्याचा वेग, नजर, ऐकू येणे आणि रोजची औषधे, सगळ्यांची परीक्षा त्या चौकात एकदम होते.

सेकंदांचा हिशेब

पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरले जाते. म्हणजे १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद. गुडघेदुखी असलेल्या वृद्धांचा वेग बरेचदा ०.८ मीटरच्या आसपास असतो. १५ सेकंदांनंतर त्यांचे ६ मीटर अजून बाकी असतात आणि समोर दुचाकींची रांग सुटलेली असते.

ही चाचणी घरीच करा. जमिनीवर ४ मीटर अंतर खुणेने आखा. एक-दोन पावले आधीपासून नेहमीच्या वेगाने चालायला सांगा आणि खुणेपासून खुणेपर्यंतचा वेळ मोजा. ५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ते “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. गुडघ्याची झीज, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय, पार्किन्सन, हृदयाची कमजोरी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि यातल्या प्रत्येकावर उपचार आहेत.

डोळे, कान, गोळ्या

मोतीबिंदूत संध्याकाळी हेडलाइटने डोळे दिपतात आणि गाडी किती लांब आहे, हे कळत नाही. काचबिंदू जास्त फसवा. समोरचे स्वच्छ दिसते, पण बाजूची नजर हळूहळू जाते आणि रुग्णाला पत्ताही नसतो. बाजूने आलेली दुचाकी “अचानक उगवली” असे कोणी वारंवार म्हणत असेल, तर डोळ्यांचा दाब आणि नजरेची व्याप्ती तपासून घ्या. बायफोकल चष्म्यातून खाली पाहताना दुभाजकाची कड धूसर दिसते. तिथे मान झुकवून पाहावे.

श्रवणयंत्र देवघराच्या कपाटात ठेवायची वस्तू नाही. इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाज तसाही जेमतेमच येतो.

झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही औषधांनी उठल्यावर चक्कर येते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशीपोटी फिरायला निघालात, तर साखर भर रस्त्यात घसरू शकते. औषध स्वतःहून बंद करू नका. वेळ किंवा मात्रा बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

रस्त्यावर

उरलेल्या सेकंदांत धावत सुटू नका. सिग्नल पुन्हा हिरवा होईपर्यंत थांबा. जिथे दुभाजकावर उभे राहायला जागा आहे, तिथे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडा. मध्येच मागे फिरू नका, कारण तुम्ही पुढे जाणार असे धरूनच चालक गाडी काढतो. रस्ता एकेरी असला तरी दोन्ही बाजूंना पाहा (उलट्या दिशेने येणाऱ्यांना पाटी वाचायची सवय नसते). थांबलेल्या बसपुढून कधीही जाऊ नका. बसपलीकडून येणारा दुचाकीस्वार तुम्हाला दिसत नाही आणि त्याला तुम्ही दिसत नाही. नातवंडाचे बोट धरू नका, मनगट धरा.

धक्का लागलाच तर

पडलेली व्यक्ती उठून “काही झाले नाही” म्हणते आणि घरी येते. इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. वृद्धांमध्ये डोक्याला लागल्यावर मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही लक्षात येतो. वाढती डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची कमजोरी, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात न्या. वॉरफरिन, अपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल यांसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. पायावर भार देता येत नसेल तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. चालवून बघू नका.

मान किंवा पाठ दुखत असेल तर, जागा धोक्याची नसल्यास, हलवू नका. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्यांना २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. आणि चालू औषधांची यादी ज्येष्ठांच्या पाकिटात आजच ठेवा, घरच्या एका फोन नंबरसह.