सरखेलीची वांटणी

मराठी आरमाराच्या मुख्य अधिपतीस सरखेल म्हणत. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथानें कान्होजी आंग्र्यास शाहूच्या पक्षांत आणिलें, तेव्हां हें पद त्याजकडे कायम झालें. पुढें तें वंशपरंपरा चाललें, हेंच माझ्या मतें अनर्थाचें मूळ. १७२९ सालीं कान्होजी वारला. मुलांत कलह माजला, आणि १७३५ च्या सुमारास बाजीरावानें वांटणी करून दिली. सरखेली व विजयदुर्ग संभाजीकडे राहिले. मानाजीस कुलाबा व वजारतमाब हा नवा किताब मिळाला. समुद्र कांहीं शेतासारखा बांध घालून वांटतां येत नाहीं! संभाजीमागून सरखेल झालेला तुळाजी पेशव्यांस जुमानीना, म्हणून नानासाहेबांनीं इंग्रजांचें साह्य घेतलें. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसनच्या तोफांपुढें विजयदुर्गाखालीं तें आरमार जळालें. तुळाजी कैदेंतच वारला. आणि त्याच विजयदुर्गीं आनंदराव धुळपाच्या हाताखालीं पेशव्यांचें स्वतःचें आरमार नांदूं लागलें.