मावशीचे ५६ तास

शुक्रवार, रात्री ९:३० (५६ तास बाकी)
बारशाचं जेवण आटोपलं आणि मावशीच्या उजव्या बरगडीखाली कळ आली. ती मागे खांद्याच्या पात्यापर्यंत गेली. "पित्त झालंय बघ," ती म्हणाली. मी आमसुलाचं पाणी दिलं. तो शब्दच आम्हाला नडला. घशाशी येतं ते पोटातलं आम्ल. इथे पित्ताशयातून निसटलेला खडा पित्तनलिकेत अडकला होता.

शनिवार, पहाटे ४:३० (४९ तास)
दोन उलट्या. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. जेमतेम सहा मिलिमीटरच्या नळीचं तोंड बंद, वरचा झरा चालूच.

शनिवार, संध्याकाळी ६:३० (३५ तास)
लघवी कोऱ्या चहासारखी. ऊन बाधलं म्हणून आम्ही नारळपाणी पाजलं.

रविवार, सकाळी ९:३० (२० तास)
डोळे पिवळे. मी तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने हातांना कसलासा रस चोळून ते चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालं, गळ्यात माळ पडली, मला हायसं वाटलं. झाडाच्या सालीच्या रसावर चुना पडला की तो रंग येतो, हे मला फार उशिरा कळलं.

रविवार, दुपारी ३:३० (१४ तास)
हुडहुडी भरली, दात वाजू लागले, ताप १०३. कळ, कावीळ आणि थंडी वाजून ताप: या तीन खुणा फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्येच एकत्र मांडल्या होत्या. नळीत दाब वाढला की तुंबलेल्या पित्तातले जंतू रक्तात घुसतात. आम्ही तापाची गोळी दिली.

रविवार, रात्री १०:३० (७ तास)
ती मला आईच्या नावाने हाक मारू लागली. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, वरचा ८०. "आत्ताच्या आत्ता निघा." भ्रम आणि घसरलेला रक्तदाब या पुढच्या दोन खुणा. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी त्या शार्कोंच्या तिन्हींना जोडल्या.

सोमवार, पहाटे २:३० (३ तास)
जिल्ह्याचं गाव. सोनोग्राफीत फुगलेली नळी, टोकाशी खडा.    सलाईन, अँटिबायोटिक सुरू झाली. पण तुंबलेलं पित्त वाहतं केल्याशिवाय औषधं पुरत नाहीत. त्यासाठी ईआरसीपी: तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचं मुख कापायचं आणि खडा काढायचा. रुग्णाला तेवढंही झेपणार नसेल, तर नुसता स्टेंट घालायचा. दुर्बिणीने मुख कापून खडा काढण्याचा उपाय जगात १९७४ पासून आहे. आमच्यासाठी तो पुढच्या शहरात होता.

सोमवार, पहाटे ५:३० (०)
अँब्युलन्स घाट उतरत असताना तिचा श्वास थांबला.

तिन्ही खुणा दिसल्या दुपारी साडेतीनला, सोनोग्राफी झाली पहाटे अडीचला. मधले अकरा तास माझ्या हातात होते. तुमच्या घरी या तिन्ही खुणा दिसल्या तर गाडी काढण्याआधी एक फोन करा आणि विचारा, "तुमच्याकडे ईआरसीपी होते का?" जिथून 'हो' येईल, तिथेच न्या.