अर्थसंकल्पाची तारीख आणि पावसाळ्याचे गणित

केंद्रीय अर्थसंकल्प पूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस मांडला जात असे. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होई. मात्र संसदेची पूर्ण मंजुरी मे महिन्यापर्यंत लांबे. तोवरचा खर्च लेखानुदानातून चाले. त्यातून वेतन व चालू योजना भागत, नव्या कामांना थांबावे लागे. निधी हाती येईपर्यंत पावसाळा तोंडावर असे. परिणामी रस्ते, कालवे यांची कामे ऑक्टोबरपर्यंत रेंगाळत आणि मार्चमध्ये निधी संपविण्याची घाई होई.

२०१७ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १ फेब्रुवारीलाच अर्थसंकल्प मांडला आणि ३१ मार्चपूर्वी तो मंजूरही झाला. १९२४ पासून स्वतंत्र असलेला रेल्वे अर्थसंकल्प त्याच वर्षी मुख्य अर्थसंकल्पात विलीन करण्यात आला. योजना व योजनेतर खर्च हा भेदही संपला. या भेदामुळे नव्या बांधकामाला प्राधान्य मिळे, तर देखभाल-दुरुस्ती योजनेतर ठरून मागे पडे.

निवडणूक वर्षात मात्र हे वेळापत्रक पाळता येत नाही. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला; पूर्ण अर्थसंकल्प आला तो २३ जुलैला, ऐन पावसाळ्यात.

शिवाय मंजुरी लवकर मिळाली म्हणजे पैसा गावापर्यंत वेळेत पोहोचतोच असे नाही. म्हणून नागरिकांनी केवळ घोषित तरतुदीवर समाधान मानू नये. पुढील वर्षांच्या अर्थसंकल्पात त्याच योजनेचा सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्चही छापलेला असतो. खरा हिशेब तेथे कळतो.