राष्ट्रीय उत्पन्न आणि आरोग्यखर्च

देशाचे दरडोई उत्पन्न आणि तेथील आरोग्यसेवेवर होणारा दरडोई खर्च यांचा परस्परसंबंध. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जोसेफ न्यूहाउस यांनी 1977 मध्ये 13 विकसित देशांची तुलना केली. या देशांच्या आरोग्यखर्चातील तफावतीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या उत्पन्नावरून उलगडतो, असे त्यांना आढळले. उत्पन्नाच्या वाढीहून खर्चाची वाढ जास्त वेगाने होते, असेही त्यांचे गणित होते. पुढील अनेक अभ्यासांनी हा वेग कमी दाखवला; संबंध घट्ट आहे, हे मात्र मान्य केले.

भारतात 2021-22 मध्ये एकूण आरोग्यखर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 3.83 टक्के होता आणि सरकारी खर्च 1.84 टक्के. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्चासाठी 2025 पर्यंत 2.5 टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. एकूण खर्चातला कुटुंबांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. तरीही तो फार मोठा आहे.

देशांच्या तुलनेतून निघालेला हा नियम एकेका घराला लागू पडत नाही. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात हे ठळक दिसते. कापूस-सोयाबीनची कोरडवाहू शेती, राज्याच्या सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी हा एक. अशा घरात दवाखान्याचा खर्च किती होणार हे आजारपण ठरवते आणि पैसा उसनवारीतून, दागिने मोडून किंवा सावकाराकडून येतो. पैशाअभावी जो उपचार झालाच नाही, तो तर कोणत्याच हिशेबात येत नाही. म्हणून गरीब भागातला कमी खर्च पाहून तिथली गरजही कमी आहे असे मानणे घातक आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारट असलेल्या भागात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत, मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. डायलिसिस मोफत मिळाले तरी रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आरोग्यखर्चात धरली जात नाही.

उत्पन्न वाढण्याची वाट न पाहता हा भार हलका करता येतो. राज्याच्या विमा योजनेत, म्हणजे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत (2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) शेती संकटात असलेल्या 14 जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही सामावून घेण्यात आले. बुलढाणा त्यांत होता. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण विमा कागदावर असून तज्ज्ञ डॉक्टर जवळ नसेल, तर गंभीर रुग्णाला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या शासकीय रुग्णालयात न्यावेच लागते. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. तेथे तज्ज्ञांची पदे भरलेली राहिली, तर या फेऱ्या कमी होतील.