इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन (मोटारगाडीचे)

पेट्रोल इंजिनात दाबलेले इंधन-हवेचे मिश्रण ठिणगीने पेटवणारी, ट्रान्झिस्टरवर चालणारी यंत्रणा. तिच्यामुळे ठिणगी जोरदार झाली, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, कारण ट्रान्झिस्टर जुन्या यांत्रिक संपर्कांपेक्षा (पॉइंटपेक्षा) जास्त प्रवाह पेलतो. पण तिचा मोठा फायदा वेळेचा आहे. ठिणगीमागचे तत्त्व चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास रूढ केले तेच राहिले: कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो वेढ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात वीसेक हजार व्होल्टचा दाब उपजतो. बदलले ते प्रवाह तोडणारे. पूर्वी हे काम डिस्ट्रिब्यूटरमधले (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने दाब पोचवणाऱ्या भागातले) पॉइंट करत. त्यांच्यातली फट जेमतेम ०.४ मिमी. कॅमवर घासणारी त्यांची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, मागे पडते. मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. मिश्रण पुरते जळायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधीच पडावी लागते. तिथे काही अंशांची चूकही ताकद आणि पेट्रोल दोन्ही खाते.

ट्रान्झिस्टरला टाच नाही. क्रिसलरने १९७०च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत सरसकट आणली, तेव्हा चुंबकीय पिकअप कॉइल त्याला इशारा देई. टायमिंग पुढे-मागे करायला मात्र जुनीच फिरती वजने आणि व्हॅक्यूमचा पडदा होता. पुढे संगणक आला. क्रँकवरच्या दातेरी चाकाचे दात सेन्सर मोजतो (अनेक गाड्यांत साठातले दोन मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरीची सुरुवात कळते) आणि इंजिनाचा वेग, भार, तापमान पाहून संगणक दर ठिणगीची वेळ ठरवतो. नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकू आले की टायमिंग मागे घेतो.

यावर मेकॅनिकांचा जुना आक्षेप असा, की पॉइंट पॉलिश पेपरने घासून गाडी रस्त्यातच चालू करता येई. ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल जळले तर टोइंगच. तक्रार रास्त आहे. पण पॉइंट रस्त्यात घासायची वेळ येई ती ते सतत झिजत म्हणूनच, आणि त्याआधी कित्येक दिवस गाडी चुकीच्या टायमिंगवर बिनबोभाट पेट्रोल पीत असे. आजच्या बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरही नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. एखादी बिघडली तर एकच सिलिंडर मिसिंग करतो आणि स्कॅनर त्याचा क्रमांक सांगतो.