'कच्चे मडके' : गोरोबांचे थापटणे आणि नामदेवांची औंढ्याची वाट

१/ 'अजून कच्चे मडके आहे!' नवख्या माणसाविषयी आपण हे सहज म्हणून जातो. वारकरी परंपरा सांगते की हाच शेरा एकदा साक्षात संत नामदेवांना ऐकावा लागला. त्या कथेचा शेवट आजच्या हिंगोली जिल्ह्यात होतो. 🧵

२/ शिकण्याविषयीचे वाक्प्रचार बहुधा कामाच्या जागी जन्मतात. इंग्रजीत काम शिकून घेण्याला 'दोर शिकणे' म्हणतात. त्याचा उगम शिडाच्या जहाजांवर झाला असे सामान्यतः मानले जाते. मराठीला सोनाराच्या कामातून 'तावून सुलाखून निघणे' मिळाले, पाथरवटाकडून 'टाकीचे घाव' आणि कुंभाराकडून 'कच्चे मडके'.

३/ कथा अशी : संतांच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे, हे पारखण्याचे काम तेरच्या गोरोबा कुंभारांकडे आले. ते थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारू लागले. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र संतापले. निर्णय झाला : हे मडके कच्चे.

४/ नामदेव तेव्हा विठ्ठलाचे लाडके भक्त म्हणून ओळखले जात. त्यामुळे घाव डोक्यापेक्षा मनाला अधिक लागला. उपाय एकच सांगितला गेला : गुरू करा. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे निघाले.

५/ तेथे विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय ठेवतील तेथे पिंड प्रकटू लागली. देव केवळ मूर्तीपुरता नाही, हा त्यांचा पहिला धडा.

६/ ही घटना अशीच घडली, असे इतिहास सांगू शकत नाही. महिपतींनी 'भक्तविजया'त तिचे सविस्तर वर्णन केले ते १७६२ मध्ये, नामदेवांनंतर सुमारे चार शतकांनी. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे : थोर संतालाही शिकावे लागले, आणि त्याची परीक्षा एका कुंभाराने घेतली, ही आठवण समाजाने आवर्जून जपली.

७/ आता कुंभाराच्या नजरेने पाहा. कच्चे मडके दिसायला सुबक असू शकते. पाणी भरले की त्याची पुन्हा माती होते. आव्यात भाजून निघाले की तेच मडके पाणी धरते. माती तीच असते, फक्त आच लागायची राहिलेली असते. म्हणून 'कच्चे' ही शिकण्याची एक पायरी आहे. तो माणसाच्या कुवतीवरचा अखेरचा निवाडा नव्हे.

८/ पुढे नामदेवांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली. घुमान येथे त्यांचे स्मारक आहे आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आणि गुरूस्थान औंढा, दोन्ही १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आहेत.

९/ आपल्या भागात शिकण्याविषयी कोणता वाक्प्रचार रूढ आहे? तो कोणत्या कारागिराच्या हातून आला असावा? अवश्य लिहा.